तोलावरचा घोस

माझ्या लेकीनं मागच्या हंगामात तिच्या द्राक्षाच्या पॅकहाऊससाठी पुण्याहून खास सॉफ्टवेअर बनवून घेतलं. माल कोणत्या बागेतला, भरला कोणत्या टेबलावर, गेला कोणत्या कंटेनरमधून, सगळं पडद्यावर दिसतं. ते करून देणारी इंजिनिअर मुलगी मला समजावून सांगत होती, म्हाताऱ्या माणसांना सांगतात तसं, जरा मोठ्यानं आणि हळूहळू. मी सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, बाई, चांगलंच आहे, आम्ही हेच चार तारांवर करत होतो. लेकीनं डोळे वटारले. मला टोमणे मारायची खोड आहे, ती जाता जात नाही. पण त्या दिवशी तो टोमणा नव्हता. मला माझ्या सासूबाईंची आठवण आली होती, आणि ती आली की मला बोलल्याशिवाय राहवत नाही.

मी मूळची साताऱ्याकडची, औंधच्या अलीकडच्या एका गावातली. मॅट्रिक झाले आणि लग्न होऊन तासगावच्या बाजूला आले. नवरा फौजेत. वर्षातून एकदा रजेवर यायचा आणि आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून परतीच्या गाडीच्या गोष्टी करायचा. घरी सासू-सासरे. त्यांना मी आत्याबाई आणि मामंजी म्हणायची. मामंजीही फौजेतलेच, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. सगळी नोकरी त्यांनी रसद पोचवण्यात काढली होती, त्यामुळे घरात मिठाचा डबा जागचा हलला तरी त्यांना चैन पडत नसे. "हर चीज का ठिकाना मालूम होना चाहिए," असं ते म्हणायचे. ते हिंदीत बोलले की आम्ही समजायचो, हा हुकूम आहे.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. आमच्या भागात द्राक्षं तेव्हा नवी होती. ऊसवाले पाहुणे यायचे आणि मांडवाखाली उभे राहून हसायचे, की हे काय वेलींना झोके बांधलेत. तरी आठ-दहा बागायतदारांनी मिळून सडकेच्या कडेला पत्र्याचं शेड उभारलं. मुंबईचा एक व्यापारी तिथून माल उचलायचा आणि त्यातला निवडक आखातात पाठवायचा. आपला माल दर्यापार जातो म्हटल्यावर गावातल्या सगळ्या मिशांना पीळ बसला. पण मुंबईत एखादं खोकं खराब निघालं तर ते कुणाचं, हे कळायला काही मार्ग नव्हता. मग प्रत्येक जण शेजारच्या बागेकडे बोट दाखवायचा आणि आठवडाभर एकमेकांशी बोलायचा नाही.

मामंजींनी त्यावर फौजी युक्ती काढली. प्रत्येक बागेला एक खूण दिली, कुणाला गोल, कुणाला त्रिकोण, कुणाला चांदणी. ती खूण आणि एक नंबर खोक्याच्या झाकणावर रंगवायचा. शेडमध्ये माल भरायची चार टेबलं होती. दाराशी एक लाकडी फळी ठोकून तिच्यावर चार उभ्या तारा बसवल्या, प्रत्येक टेबलाची वेगळ्या रंगाची. खोकं टेबलावरून उठलं की त्याच्या नंबराची चिठ्ठी त्या टेबलाच्या तारेत खोवायची. झाकणावरून बाग कळायची आणि तारेवरून टेबल.

फळी सांभाळायला आधी पुरुष बसले. ते विडी ओढायला बाहेर गेले की चिठ्ठ्या वाऱ्यावर. मग मामंजी म्हणाले, सून मॅट्रिक आहे, ती बसेल. मी डोक्यावरून पदर घेऊन फळीशी बसले आणि पहिल्या दिवशीच मला ते काम इतकं आवडलं की संध्याकाळी घरी जाऊ नये असं वाटलं. लग्नानंतर पहिल्यांदाच कुणीतरी मला काही विचारत होतं आणि मी सांगितलेलं खरं धरत होतं.

हिरवं टेबल आत्याबाईंचं. शेडमधल्या सगळ्या बायकांत त्या वडीलधाऱ्या. घोस हातात धरून बारीक कात्रीनं नासका मणी असा काढायच्या की शेजारच्या मण्याला ओरखडा उठायचा नाही. बोलणं अगदी मोजकं. पुरुषांसमोर तर त्यांचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

त्या हंगामात व्यापाऱ्यानं आखाताच्या मालासाठी नव्या मापाची बुटकी खोकी पाठवली. त्यांतून दोन गाड्या गेल्या आणि तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर खोक्यांची झाकणं घेऊन परत आला. झाकणांना आतून रस लागून वाळला होता. वरचे घोस दबून फुटले, रस खाली उतरला आणि खालचा सगळा माल आंबला, असा व्यापाऱ्याचा निरोप होता. पुढची गाडी अशीच आली तर आपला राम राम, हेही त्यानं सांगून धाडलं होतं.

सगळे बागायतदार जमले. झाकणांवर गोल होता, त्रिकोण होता, चांदणीही होती. मग काय, जुंपली. एक म्हणाला, तू तोडणीच्या आधी वजनासाठी पाणी पाजलंस. दुसरा म्हणाला, तू कच्चाच माल तोडलास. मामंजींनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "फळी काय म्हणती?"

मी झाकणांवरचे नंबर पाहून चिठ्ठ्या शोधू लागले. पहिली हिरव्या तारेवर सापडली. दुसरीही हिरव्या तारेवर. तिसरीही तिथंच. आत्याबाई हाकेच्या अंतरावर मान खाली घालून घोस साफ करत होत्या. आमच्याकडे सुनेनं वडीलधाऱ्यांपुढे मोठ्यानं बोलायचं नाही, तिथं मी सासूचं टेबल दाखवणार होते. अजून बघते, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण ज्यांच्या बागा निर्दोष होत्या ते एकमेकांच्या अंगावर धावून जात होते, आणि मला विचारलं होतं ते मामंजींनी.

"हिरवी तार, मामंजी," मी म्हटलं. "सगळी खोकी हिरव्या तारेवरचीच."

कात्र्यांचा आवाज थांबला. मघापर्यंत भांडणारे सगळे एकदम एका बाजूला झाले. त्यांच्यातले एक वयस्कर बागायतदार मामंजींना म्हणाले, "सुभेदार, सुनेनं चारचौघांत सासूवर बोट ठेवायचं, ही रीत आपल्यात न्हाई. उद्यापास्नं फळीवर दुसरं कुणी बसवा." बाकीच्यांनी माना डोलावल्या. आंबलेल्या द्राक्षांचं काय करायचं, ते कुणी बोललंच नाही. मामंजी सकाळी बघू म्हणाले आणि उठले. फौजेत त्यांनी काय काय निस्तरलं असेल, पण बायको आणि सून यांच्या मधे त्यांना कुणी उभं केलं नव्हतं.

दिवस मावळताना आम्ही दोघी बांधावरून घरी निघालो. आत्याबाई पुढे, मी मागे. घरी त्यांनी नेहमीसारखी भाकरी वाढली, दूध हवं का विचारलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. फळी गेली तर मला चूल, गोठा आणि महिन्याकाठी नवऱ्याचं पत्र, एवढंच उरणार होतं. मला ती फळी हवी होती. पण त्यासाठी आत्याबाई परक्या झालेल्या मला नको होत्या, आणि दोन्ही एकदम मिळायची काही आशा दिसत नव्हती.

सकाळी शेडमध्ये पोचल्यावर त्यांनी मला टेबलाशी बोलावलं. "बस हितं," एवढंच म्हणाल्या. त्यांनी एक खोकं भरलं. ते काट्यावर जाऊन बरोबर वजनाचं होऊन परत आलं. वरून कागद अंथरायच्या आधी त्यांनी टोपलीतला एक घोस उचलला आणि अलगद वर ठेवला. मी विचारलं, आत्याबाई, तोल झाल्यावर हा कशाला?

"मग? नुसतं काट्यावर तोलून द्यायचं व्हय?" त्या म्हणाल्या. "ते दुकानदारानं करावं. आपल्या रानातलं कुणाला दिलं तर वर मूठभर घालतोच की आपण."

खरंच होतं. त्यांनी कुणाला पायलीभर जोंधळे दिले तर वर ओंजळ घातल्याशिवाय माप पुरं झालं असं त्यांना कधी वाटलंच नाही. इतर टेबलांवरच्या पोरी तोलणाऱ्याला भिऊन असायच्या, पण सुभेदारांच्या कारभारणीच्या खोक्यात डोकावायची कुणाची छाती नव्हती. जुन्या उंच खोक्यांत तो जादा घोस मावून जायचा. मी झाकण दाबलं. ते नीट बसेना, आणि फटीतून रस माझ्या बोटांवर आला.

आत्याबाईंनी झाकण काढलं आणि चेंगरलेला घोस बाहेर काढला. दर्यापार कुणा अनोळखी माणसाच्या ताटात जास्तीचं पडावं म्हणून त्यांनी ठेवलेल्या घोसानंच सगळं खोकं नासवलं होतं. मग त्यांनी आणखी एक घोस काढून बाजूला ठेवला.

"तोलाच्या आधी एक घोस कमी भरू," त्या म्हणाल्या. "शेवटचा मी माझ्या हातानं ठिवीन, आन मग काट्यावर जाऊ दे."

वजन वजनाच्या जागी आणि त्यांचं वर घालणं त्याच्या जागी. बाजूचा घोस त्यांनी वर ठेवला, खोकं काट्यावर जाऊन आलं आणि आम्ही झाकण लावून पाहिलं, अगदी सपाट बसलं.

तेवढ्यात बागायतदार आले. कालचे वयस्कर गृहस्थ लिहिता-वाचता येणाऱ्या आपल्या पुतण्याला फळीवर बसवायलाच घेऊन आले होते. आत्याबाई टेबलावरून उठल्या, पदर सारखा केला आणि त्या सगळ्या पुरुषांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. तोलानंतर एक घोस आपणच ठेवत होतो, त्यानंच खोकी नासली आणि आता नासणार नाहीत, हे त्यांनी सरळ सांगून टाकलं. ते गृहस्थ जरा नरमले. म्हणाले, ते झालं वैनी, पण सुनेनं असं बोलावं हे काही बरं दिसत नाही.

"फळीवर तीच बसंल," आत्याबाई म्हणाल्या. "माझं टेबल सांगताना तिची जीभ अडली न्हाई. उद्या तुमच्यावर कुणी खोटा आळ घेतला, तर तवा बी ती खरंच सांगंल. तुमच्या पुतण्यानं तुमच्यावर बोट ठेवलं असतं काय?"

पुतण्या हळूच दाराबाहेर सटकला. मामंजींनी उगाच खाकरून सगळ्यांना कामाला लावलं. मला रडू आलं, ते मी पदरात लपवलं. जन्म आईनं दिला, शाळेत बापानं घातलं, दोघांचे उपकार आहेतच. पण चारचौघांत उभं राहायला जागा मला आत्याबाईंनी दिली, आणि तीही मी त्यांच्याविरुद्ध बोलल्यावर दिली. पुढं अख्खं आयुष्य मी त्या जागेवर काढलं. एवढं मोठं मन मला झालं असतं का, हे माझ्या घरात सून आल्यापासून मी स्वतःला विचारते आहे, आणि उत्तर द्यायचं टाळते आहे.

मी फळीशी जाऊन बसले. पहिलं खोकं हिरव्या टेबलावरूनच उठलं. चिठ्ठी खोवताना माझे डोळे अजून ओले होते, तार काही केल्या सापडत नव्हती. पलीकडून आत्याबाईंनी हातातली कात्री थांबवली.

"नीट खोव गं," त्या म्हणाल्या, "माझी हाय ती."