आसावरी हलली नाही

आसावरी चादरीला सहावा बंद शिवत होती. जाड कापड, दुहेरी टाका. पायानं मशीन चालवणं तिच्या हाडांना झेपत नाही, म्हणून नवऱ्यानं, कल्लाप्पानं, मोटर बसवून दिलेली. उंची साडेतीन फूट, हाडं जन्मापासून काचेची, पोटात आठवा महिना. पण बेंगळुरूच्या राजाजीनगरात ब्लाउज शिवावा तर तिनंच.

"सहा बंद कशाला गं?" कल्लाप्पानं विचारलं.

"सहा जण मला चादरीसकट उचलणार. हाताला धरून ओढलं कुणी, तर त्याचा हात मोडीन."

तिचा स्वतःचा एक मोडून झाला होता. चौथ्या महिन्यात, यशवंतपूरच्या एका दवाखान्यात, गर्भपिशवीला टाका घालायला गेली तेव्हा. भूल देणारे डॉक्टर पुरुषोत्तम. ती सांगत होती, बीपीचा पट्टा नको, मशीन करकचून आवळतं. "स्वल्प थांबा अक्का, काही होत नाही." दंडात कट्कन आवाज. आणि वर कागदावर काय लिहिलं? पेशंट हलली.

हलली म्हणे. जिला शिंकसुद्धा जपून द्यावी लागते, ती हलली.

बाळंतपणाचं ऑपरेशन मोठ्या हॉस्पिटलात ठरलं. पुरुषोत्तम तिथंही येतात असं कळलं. दुसरी कुणी पळाली असती. ही त्यांच्याच समोर जाऊन बसली.

"मी दुसरे डॉक्टर देतो," ते म्हणाले.

"नको, तुम्हीच. मी हलते का ते या वेळी नीट बघा. बघाल ते लिहा, खाली सही करा."

त्यांनी फाइल पहिल्या पानापासून चाळली. मग म्हणाले, "सरी, ठीक आहे. पूर्ण भूल नको. घशात नळी घालताना मान मोडेल. कमरेत सुई देऊ. बीपीला पट्टा नाही, मनगटाच्या धमनीत बारीक नळी."

त्या दिवशी सहा जणांनी चादर उचलली. तिचा कणा वाकडा, दोनदा सुई चुकली. पुरुषोत्तम घामाघूम.

"दुखतंय का?"

"तुम्ही लिहायचं बघा."

तिसऱ्यांदा लागली. मुलगी झाली. पुरुषोत्तमांनी स्वतःच्या हातानं लिहिलं: पेशंट अजिबात हलली नाही. मागची नोंद खोटी, हात बीपीच्या मशीननं मोडला.

त्या कागदाची झेरॉक्स तिनं दुकानात आरशाशेजारी चिकटवली. मापाला येणारी प्रत्येक बाई हात वर करून वाचते. कुणी वाचलं नाही तर ही वाचून दाखवते, नावासकट.

महिन्याभरानं एक्स-रेत जुळत आलेली बरगडी दिसली, तेव्हा कुठं तिनं कल्लाप्पाला सांगितलं, ऑपरेशनच्या दिवशी सकाळी खोकताना ती तुटली होती. सांगितलं असतं तर ऑपरेशन पुढं गेलं असतं, आणि पुरुषोत्तमांची ड्यूटी फक्त त्याच दिवशी होती.