गरम काच

आमच्या परभणीच्या कॉलेजातले प्रयोगशाळेचे प्रमुख सर चहासुद्धा फुंकर न मारता पितात. काहीही निवायची वाट बघणं त्यांना ठाऊकच नाही. आणि आमचं सगळं काम त्या निवण्यावरच! काचेवर प्लास्टिकचा पातळ थर द्यायचा, तो तापवायचा आणि वीजदाब लावायचा, म्हणजे आतले रेणू एका दिशेला तोंड करतात. थर गार होईपर्यंत दाब काढायचा नाही, नाहीतर ते पुन्हा विस्कटतात. रेणू जुळले असले की डोळ्यांना न दिसणारा लेसर आत सोडल्यावर हिरवा उजेड बाहेर पडतो.

सर थर गरम असतानाच दाबाचं बटण बंद करतात. "लय झालं हो. गार होतंय आपोआप." तेवढ्यापुरतं हिरवं दिसलं की टाळी वाजवतात. ही घाई नाही, माज आहे.

आमच्याकडे पीएच.डी. करणाऱ्या मुलीनं सरांची अशीच एक काच उन्हाळाभर कपाटात ठेवून पुन्हा तपासली. हिरवं काहीच उरलं नव्हतं. सर तिच्यावरच खेकसले, "कशाला नाट लावायलीस? असलं लिहिलंस तर प्रबंधावर सही करणार न्हाई."

परवा बाहेरून तपासणीस आले. ते येण्याआधी सरांनी आमच्या डोळ्यांदेखत तीच काच पुन्हा तापवली, दाब दिला. मग तपासणीसांसमोर लेसर सोडला आणि हिरवा उजेड झळकला.

"आख्खा उन्हाळा काढलाय ह्या थरानं," सर ठसक्यात म्हणाले. "तवापासून कुणी हात लावला न्हाई."

मुलगी मान खाली घालून उभी होती. मी काच उचलली. ती अजून गरम होती.

मी ती तपासणीसांच्या तळहातावर ठेवली.