मशीनमध्ये उरलेला आवाज

हॉस्पिटलात सगळे तिला इकोवाल्या ताई म्हणत. पेशंटला डाव्या कुशीवर वळवायचं, छातीवर गार जेल लावून प्रोब टेकवायचा, की पडद्यावर हृदयाची उघडझाप दिसू लागे.

घरी सासूबाई भाषेच्या निवृत्त शिक्षिका. त्यांचा या नावावरच राग. "इको म्हणजे प्रतिध्वनी. हाक मारणारा निघून गेला तरी मागे घुमत राहतो तो. तपासणीला कसलं मेलं हे नाव!"

"आई, आमच्यात तसलं हळवं काही नसतं. मशीन आवाज सोडतं, तो आपटून परत येतो, त्याचं चित्र होतं. संपलं."

दोघींची जुंपली की तिचा नवरा मधे बसून हसायचा. तो गेल्या वर्षी अपघातात गेला. त्यानंतर हा वाद कुणी काढला नाही.

मग जुनं मशीन बदलायचं ठरलं. इंजिनियर म्हणाला, "मॅडम, सगळं पुसणार आहे. काही ठेवायचं असेल तर बघून घ्या."

जुनी रेकॉर्डिंगं चाळताना अचानक नवऱ्याचं नाव आलं. नवा प्रोब आला तेव्हा तपासून बघायला तिने त्यालाच झोपवलं होतं. ती विसरूनही गेली होती. तिने बटण दाबलं. घुश्श, घुश्श. ठणठणीत हृदय, झडपा कशा चोख मिटत होत्या. क्लिप संपे आणि पुन्हा सुरू होई. तिने वळून तपासणीच्या पलंगाकडे पाहिलं. चादरीवर सुरकुतीसुद्धा नव्हती.

घरी सांगितल्यावाचून राहवेना. दुसऱ्या दिवशी सासूबाई तिच्याआधी चपला घालून तयार.

हॉस्पिटलात मशीनसमोरच्या स्टुलावर बसून त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मग त्यांनी पडद्यावर हात ठेवला, लेकराच्या पाठीवर ठेवावा तसा.

"थांबतच नाही गं हा."

"तेच तेच परत लागतं, आई. पेनड्राइव्हवर घरी नेता येईल."

"नको. घरात हा आवाज आला तर मी दार उघडायला धावेन. पुसू दे त्यांना. दमला असेल."

इंजिनियरने सगळं पुसलं.

नव्या मशीनवर ती आवाज बंद ठेवूनच काम करू लागली. एकदा एक आजोबा घाबरले. "ताई, काही ऐकू येत नाही. चालू आहे ना माझं?"

"चालू आहे, आजोबा. ऐका." तिने आवाज वाढवला.

आजोबा खूश झाले. तिने मात्र ओठ घट्ट मिटून घेतले. नवऱ्याला मारायची हाक अगदी जिभेवर आली होती.