वहिनीच्या मुठीतली राख

काल जळगावात गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींवर जळक्या पानांचे कण पडले होते. सातपुड्यात पुन्हा वणवा लागलाय, असं शेजारी म्हणाले. चादर नाकाशी धरली आणि मी पंचवीस वर्षं मागे, बोदवडच्या घरात जाऊन पोचलो. आजवर हे कुणाला सांगितलेलं नाही.

तेव्हा मी तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडे कामाला होतो. डोंगरातलं वाळलं गवत जाळलं की तेंदूला कोवळी पानं भरपूर फुटतात, म्हणून ते मीच पेटवून दिलं होतं. आग हाताबाहेर गेली. मी निमूट घरी आलो, आणि दोन दिवसांनी धूर तापी ओलांडून माझ्यामागे आला.

दमेकरी आई खाटेवर बसून श्वासासाठी धडपडत होती. दादा वहिनीवर ओरडत होता, "किती डाव सांगितलं, ओली पऱ्हाटी चुलीत कोंबू नको! मारशील तिला!"

"चूल पेटवलीच नाही मी आज," म्हणत वहिनीने चुलीतली राख मुठीत भरून आणली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "भाऊ, तुम्हीच सांगा यांना."

राख थंडगार होती. धूर कुठला, हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं.

मी म्हणालो, "वहिनी, जरा जपायला हवं होतं."

संध्याकाळी आई गेली. तिच्या श्राद्धाला दादा अजूनही वहिनीला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाही. बाहेरची बाई येऊन रांधते. वहिनी दाराबाहेरच्या ओट्यावर बसून असते. मी दरवर्षी जातो, पहिल्या पंगतीला बसतो आणि पोटभर जेवतो.