पंच्याऐंशी इंचांत दिसलेला जिना

सीमेवरच्या मे सोत गावच्या बाजारात टीव्ही घ्यायचा म्हटलं की लोक पी उबोनकडं यायचे, आणि आले की आधी बोलणी खायचे. बाकीच्या दुकानांत दारातच "या, बसा" सुरू व्हायचं. पी उबोन स्टुलावरून उठायचीसुद्धा नाही. दात कोरायची काडी तोंडातल्या तोंडात फिरवत विचारायची, "खिडकी कुठल्या बाजूला आहे?"

"अहो पी, टीव्ही घ्यायला आलोय. घर विकायला नाही."

"घर तुम्ही सांगा, टीव्ही मी सांगते. बसता किती लांब? सात फुटांवर? आणि पंच्याऐंशी इंच पाहिजे? मान मोडेल, मग बायको मला शिव्या घालेल."

पी म्हणजे थोरली बहीण. तिच्याहून वयानं मोठे असलेलेही तिला पीच म्हणायचे. मी तिच्या दुकानात अकरा वर्षं काढली. माझं घरचं नाव कुंग. खूश असली की ती मला नोंग कुंग, म्हणजे धाकटी कुंग, म्हणायची, चिडली की नुसतं "ए".

ही प्रश्न विचारायची सवय तिला एका सोनारामुळं लागली. खुन सुरासाक, म्हणजे सुरासाकराव, हौशी माणूस. त्याला तिनं काही न विचारता दुकानातला सगळ्यात महागडा ओएलईडी टीव्ही दिला. त्यानं तो पेढीवर टांगला आणि सकाळी उघडल्यापासून बंद करेपर्यंत त्यावर सोन्याचा भाव लावून ठेवला. सात महिन्यांत ते आकडे पडद्यात मुरले. दुपारी त्याची बायको मालिका लावायची, तर नायिकेच्या कपाळावर सोन्याचा भाव! सगळा बाजार पोट धरून हसला. पी उबोन हसली नाही. तिनं तो टीव्ही परत घेतला, दुसरा दिला आणि मला म्हणाली, "ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो, स्वतः विझतो. म्हणून त्यातला काळा रंग खराखुरा काळा. पण एकाच ठिपक्याला दिवसभर राबवलं तर तो झिजणारच. मला ठाऊक होतं. मी विचारलं नाही, ही चूक माझी."

तिचं नवऱ्याशी कधीच फाटलेलं, मूलबाळ नाही. हातात घेतलेल्या कामात चूक राहिली की तिला जेवण जायचं नाही. एवढंच तिचं आयुष्य, असं आम्हाला वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी, पावसाळा सरता सरता, एक माणूस दुकानात आला. पांढरा सदरा, मऊ बोलणं, हातात संत्र्यांची पिशवी. संत्री आमच्यासाठीच आणलेली. त्याला आमची भाषा येत नव्हती. सोबत चैवत नावाचा दुभाषा होता, चिआंग राईकडचा. मालकांना पंच्याऐंशी इंची सहा टीव्ही हवेत, असं चैवत म्हणाला.

"खिडकी कुठं आहे?" पी उबोननं विचारलं.

चैवतनं विचारून सांगितलं, "खिडकी नाही."

"दिवसात किती तास चालणार?"

"चोवीस."

"आणि बघायचं काय?"

दोघं आपसांत जरा वेळ बोलले. मग चैवत म्हणाला, "चौकोन. एकेका पडद्यावर सोळा. भिंती, दारं, टेबलं. हलत नाहीत. माणसं हलतात."

"म्हणजे कॅमेरे. गोदाम आहे का?"

"गोदामच समजा, पी."

मला त्या "समजा"चा अर्थ लागला नाही. तिलाही लागला नसावा, कारण एव्हाना ती रंगात आली होती. असं अवघड गिऱ्हाईक तिला वर्षातून एखादंच मिळायचं. ओएलईडी तिनं तिथंच बाद केला. त्या चौकोनांच्या चौकटी महिन्याभरात पडद्यात मुरल्या असत्या. राहिला एलसीडी, म्हणजे मागून उजेड मारणारा. त्यातही एका जातीचं काळं गडद, पण बाजूनं बघितलं की चित्र विटतं. दुसऱ्या जातीचं कुठूनही सारखंच दिसतं, पण अंधार करडा होतो.

"बघणारे समोर बसतात की बाजूला?"

"एकजण समोर. बाकीचे येऊन जाऊन."

मग मालकानं स्वतःच बोट वर केलं आणि हळू आवाजात काही सांगितलं. चैवत म्हणाला, "मालक म्हणतात, एका ठिकाणी अंधार असतो. जुन्या टीव्हीवर तिथं नुसता काळा डाग दिसतो. अंधारातलं तोंड ओळखता आलं पाहिजे."

"तिथं दिवा का नाही लावत?"

"दिवा लावला की फोडतात."

कोण फोडतं, हे आम्ही दोघींनीही विचारलं नाही. मी आजही त्या क्षणापाशी अडखळते. पी उबोन म्हणाली, "कॅमेऱ्यानं टिपलं असेल तर मी दाखवीन." मागं बारीक बारीक हजारो दिवे असलेला, जागोजागी वेगळा उजेड धरणारा एलसीडी तिनं सुचवला. मालकानं दोन्ही हात जोडून वाय, म्हणजे नमस्कार, केला. इतका नम्र माणूस आमच्या दुकानात क्वचित यायचा.

टांगायला आम्ही तिघं गेलो. पी उबोन, मी आणि जुना कारागीर लुंग वान, म्हणजे वानकाका. गावाबाहेर, मक्याच्या शेतांच्या पलीकडं उंच भिंतीचं आवार होतं. फाटकात आमचे फोन काढून घेतले. भिंतीवरच्या तारा बघून लुंग वान पुटपुटला, "काय गं, तारांची टोकं आत वळवलीत. चोर बाहेरून येतात की आतून?"

"गप्प बस, लुंग," ती म्हणाली, पण तिची काडी फिरायची थांबली होती.

सहा टीव्ही टांगायला दुपार झाली. कुणीतरी वायर जोडली आणि चित्रं आली. लांबच लांब टेबलं, प्रत्येकापुढं दोन-तीन फोन, मान खाली घातलेली पोरंपोरी. कुणी फिकट, कुणी सावळी, देशोदेशीची. एका चौकोनात तीन मजली खाटा. एका दाराला बाहेरून कडी. एक मुलगी उठून उभी राहिली. एक माणूस तिच्या मागं येऊन थांबला. त्यानं काहीच केलं नाही. ती बसली.

शेवटच्या पडद्यावर खालच्या कोपऱ्यातला चौकोन काळा होता. मालकानं त्याकडं बोट केलं. पी उबोननं रिमोट घेतला. सवयीचे हात. काळ्याची पातळी उचलली, सावल्या उघडल्या. आणि त्या काळ्यातून एक जिना वर आला. पायऱ्यांवर चौघं बसली होती, अगदी भिंतीला चिकटून. एक मुलगा हातातला भात खात होता. एकीनं डोकं दुसरीच्या खांद्यावर टाकलं होतं. इथं आपण कुणाला दिसत नाही, असं त्यांना वाटत होतं.

मालक टाळी वाजवून हसला. चैवत हसला नाही. तो म्हणाला, "जिन्याखाली स्वयंपाकघराकडचं दार आहे. मागच्या महिन्यात तिथून तिघं पळून गेली. मालक म्हणतात, तुमचे हात सोन्याचे आहेत."

आम्ही अजून तिथंच होतो तेव्हा पडद्यावर दोन माणसं त्या जिन्यावर आली. पुढचं मी सांगणार नाही. आवाज नव्हता, एवढंच बरं.

दुकानाशी उतरताना पी उबोन म्हणाली, "ते मी दाखवलं."

"तुला काय माहीत होतं?"

"दिवा फोडतात म्हणाला ना तो. अंधार कुणाला हवा असतो, कुंग? मी विचारलं नाही. सोनाराच्या वेळेसारखंच, पुन्हा विचारलं नाही."

बस स्थानकावर एका मदत संस्थेचा कागद लावलेला असायचा. दुसऱ्या दिवशी तिनं त्या नंबरावर फोन केला. पलीकडच्या बाईनं सगळं लिहून घेतलं. नोकरीच्या आमिषानं पोरांना आणून कोंडतात आणि त्यांच्याकडून फोनवर लोकांना लुबाडून घेतात, अशी ती जागा, असं ती म्हणाली. वेळ लागेल, आणि तुम्ही पुन्हा तिकडं जाऊ नका, असंही बजावलं.

पी उबोन पाचव्या दिवशी गेली. मी आडवी आले, तर म्हणाली, "ए, बाजूला हो." मग मीही गाडीत बसले.

फाटकाशी तिनं सांगितलं, नवा पडदा शंभर तास चालला की एकदा जुळवावा लागतो, नाहीतर हमी जाते. हे धादांत खोटं. पण टीव्हीच्या बाबतीत मे सोतमध्ये तिचा शब्द कोण खोडणार? मालक स्वतः आला आणि तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसला. त्याच्या अंगाला साबणाचा वास येत होता.

तिनं पहिल्या पडद्यापासून सुरुवात केली. उजळ भाग आणखी उजळ केला, रंग चढवले. दुकानात गिऱ्हाइकाला भुरळ घालायला करतात ना, तसंच. ज्याला कळत नाही त्याला असं चित्र फार आवडतं. मालक मान डोलावू लागला. एकेक पडदा झळाळत गेला. मग ती शेवटच्यापाशी आली. टेबलं लखलखली, खाटा उजळल्या आणि जिना पायरीपायरीनं बुडत गेला.

मालक काहीतरी बोलला. चैवतनं विचारलं, "मालक म्हणतात, तो कोपरा पुन्हा काळा झाला का?"

"कोपरा रिकामा आहे," ती म्हणाली. "रिकाम्या जागी काळंच दिसणार. कुणी आलं की उजळेल. बारीक दिवे आहेत मागं, समजतं त्यांना." हेही खोटंच.

चैवत तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं मालकाला काहीतरी सांगितलं, आणि तिच्या वाक्यापेक्षा ते कितीतरी लांब होतं. मालक पडद्याकडं टक लावून बसला. शेवटी त्यानं अंगठा वर केला.

निघण्याआधी तिनं हॉटेलांतल्या टीव्हीला लावतात तसं कुलूप लावलं. चार आकडी खूण माहीत असल्याशिवाय आता कुणाला चित्र बदलता येणार नव्हतं.

नऊ दिवसांनी मक्याच्या शेतात एक मुलगा आणि एक मुलगी सापडली. अनवाणी, अंगभर ओरखडे. शेतकऱ्याच्या बायकोनं त्यांना भात घातला आणि दवाखान्यात नेलं. गावभर चर्चा झाली. त्यांनी सांगितलेल्या जागेवर सरकारी गाड्या गेल्या तेव्हा आवार रिकामं होतं. टेबलं गेली, खाटा गेल्या, टीव्हीही. भिंतीवर लुंग वाननं बसवलेल्या लोखंडी पट्ट्या तेवढ्या राहिल्या होत्या. बाकीची माणसं कुठं नेली, ते आजवर कळलेलं नाही. जिन्यावरच्या चौघांपैकी ही दोघं होती की नाही, तेही नाही. पी उबोन दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेली आणि आत न जाता परतली. "काय तोंड दाखवू?" म्हणाली.

त्याच आठवड्यात चैवतचा फोन आला. तो एवढंच म्हणाला, "पी, त्यांनी दुसऱ्या कारागिराला बोलावलं होतं. टीव्हीचं कुलूप उघडलंय. जिना दिसला त्यांना." आणि ठेवून दिला.

तिनं दुकानाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या, दोन पिशव्या भरल्या आणि नान जिल्ह्यातल्या एका मावसबहिणीकडं निघून गेली. चोपन्नाव्या वर्षी तिथं ती हातमागावर विणायला शिकली. मी फोन केला की बाजाराची खबर विचारायची, खुन सुरासाकची टर उडवायची. पण घरात टीव्ही ठेवू देत नव्हती.

गेल्या महिन्यात, भर दुपारी, चैवत दुकानात आला. खंगलेला, एका हाताला बँडेज. बाहेर गाडी सुरूच होती, आणि तिच्यात कोणीतरी बसलेलं होतं.

"पी उबोन कुठं असते हल्ली?" त्यानं मोठ्यानं विचारलं, बाहेर ऐकू जाईल असं. आणि विचारता विचारता माझ्याकडं बघून मान अगदी किंचित आडवी हलवली.

"दोन वर्षांत पत्ता नाही," मीही मोठ्यानं म्हणाले. "माझे सहा महिन्यांचे पगार बुडवून गेली मेली."

तो बाहेर गेला. गाडी लगेच हलली नाही. मी एका गिऱ्हाइकाला रिमोट दाखवत राहिले, काय दाखवलं ते मला आठवत नाही. गाडी गेल्यावर मागच्या खोलीत जाऊन तिला फोन लावला.

तिनं सगळं ऐकून घेतलं. फोनमध्ये हातमागाचा खटखट आवाज येत होता, तो थांबला. "चैवतचा हात फार दुखावलाय का?" तिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी ती तिथूनही निघाली. कुठं, ते मी विचारलं नाही.