पत्रावळीवरचा कोळी

शी! आजही सांगताना अंगावर शहारा येतो. पळसाच्या पानावर पाखराची शीट पडली म्हणून ओल्या फडक्यानं पुसायला जावं, तर त्या शिटेला पाय फुटावेत आणि ती खेकड्यासारखी आडवी चालत बोटावर चढावी! ताईच्या लग्नाच्या पत्रावळी टाचताना माझं तसं झालं. पांढुरका, मधे काळा, ओलसर दिसणारा कोळी होता तो. वाससुद्धा घाणच.

"हगरा कोळी हाय. फेक तिकडं, हात धुऊन ये," आई म्हणाली. मी राखेनं हात घासघासून धुतला, तरी किळस गेली नाही.

वैशाखातली कोवळी पानं होती, सेनगावच्या वाटेवरून आदल्या दिवशी तोडून आणलेली. आम्ही एकूण एक पान पुसलं, पण दुमडलेल्या पानात असला आणखी एक राहिलाच.

लग्न संध्याकाळी लागायचं होतं. दुपारी वऱ्हाडाची पंगत बसली आणि नेमकी ती पत्रावळ नवरदेवाच्या थोरल्या काकांपुढं आली. सोयरीक ठरल्यापासून हा माणूस नुसती खुसपटं काढत होता. भात यायच्या आधीच त्यानं पानाकडं बोट केलं.

"कावळा हगलेल्या पानावर जेवायला बसवून राहिले का आमाले? उठा रे सगळे!"

पंगत अशी उठली म्हणजे लग्न मोडलंच. अंगाला हळद लागलेली ताई आत बसली होती. वडील वाढायचं सोडून धावत आले.

"चुना हाय पाहुणे, विड्याचा. काहून तकलीफ करून घेता?" असं म्हणून त्यांनी तो गोळा नखानं उचलला आणि तोंडात टाकला.

मी खांबाशी उभी होते. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात दोन पाय वळवळले. वडिलांनी ते जिभेनं आत ओढले, चावले, गिळले आणि हात जोडून हसले. परकराचा बोळा मी तोंडात कोंबला.

काका खाली बसले. वडील भात आणायला वळताच ते शेजाऱ्याच्या कानाशी लागले. मी मागंच होते.

"कोळी व्हता तो. मले दिसला चालताना. खाल्ला का न्हाई बराबर?"

दोघंही हसले आणि भाताची वाट पाहू लागले. संध्याकाळी लग्न लागलं, आणि ताई वाकून त्या माणसाच्या पाया पडली.