रेल्वे फाटकाजवळचा मशीनवाला कुठे गेला

आपल्याला कुणीतरी शोधतंय, एवढ्या एका समजुतीवर जगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा धाकटा दीर निघाला. शिलाई मशीन दुरुस्त करतात म्हणून आम्ही सगळे त्यांना मशीनवाले भावजी म्हणतो. लग्नाला गेले तरी नवरीच्या तोंडाकडे न बघता ब्लाऊजच्या शिवणीकडे बघतात आणि शेजारच्याच्या कानात सांगतात, "टाका ढिला पडू राह्यला." बिघडलेल्या मशीनपाशी कान नेऊन डोळे मिटून असे बसतात, जणू ती आतून दुखणं सांगतेय. माणसांचे चेहरे आणि नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत. दुकानाला पाटी त्यांनी कधी लावली नाही. गरज असेल तो विचारत विचारत येतोच, हे ठाम मत.

मी तर त्यांना निरोप धाडून बोलवायची. बदनापूरला आमच्या घरी मशीन होती आणि माझ्या हातात आल्यापासून ती सारखी आजारी पडायला लागली. सुई वाकवायची मीच आणि आईसमोर हळहळायचीही मीच. मग भावजी पॅसेंजरने बदनापूरला उतरायचे आणि मी केसांत अबोली माळून, तोंडाला पावडर थापून चहा घेऊन उभी. आपल्यासारखी देखणी मुलगी जालन्यापर्यंत दुसरी नाही, अशी तेव्हा माझी खात्री होती. आता तो जुना फोटो बघितला की मला त्यात फक्त कान दिसतात. एकदा भावजींनी मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. माझा तर श्वासच थांबला. म्हणाले, "मशीनला तेल द्यावं. पावडर नका देऊ, आत जाम होऊन राह्यली." पुढे माझं लग्न दुसरीकडे झालं आणि आमची मशीन ठणठणीत बरी झाली.

जालन्याच्या रेल्वे फाटकाजवळची दुकानांची ओळ रस्ता रुंद करायला पाडली, तेव्हा भावजींनी तिथलं दुकान नवीन जालन्यात, बियाणं कंपन्यांच्या ऑफिसांमागच्या बोळात हलवलं. सामानाबरोबर एक परकी मशीनही आली. तीर्थपुरीच्या एका बाईने ती दुरुस्तीला टाकली होती. रोजंदारी करून घेतलेली. ती न्यायला आली असेल तेव्हा तिथे दुकान नाही की माणूस नाही. भावजींना हीच टोचणी. "ती बाई म्हणत असंल, मशीन घेऊन पळून गेला." शोधायला तीर्थपुरीला गेले, तर नाव कुठे ठाऊक होतं? भरबाजारात विचारत सुटले, "जिची मशीन टाके सोडते ती बाई कुठं राहते?" लोकांनी त्यांना पाणी पाजून बसमध्ये बसवून दिलं. दर आठवड्याला ते त्या मशीनला तेल देत, पुसत आणि वर फडकं झाकून ठेवत.

बऱ्याच वर्षांनी त्यांच्या सुनेने दुकानाची वेबसाइट काढायची ठरवली. भावजी आधी ऐकेनात. सुनेने समजावलं, की सर्चवालं यंत्र सगळ्यांची पानं आधीच वाचून ठेवतं, कुठल्या पानावर कुठले शब्द आहेत ते त्याला ठाऊक असतं. कुणी काही विचारलं, की जे पान जुळतं आणि जवळचं असतं ते वर आणून दाखवतं. म्हणून लोक जे शब्द विचारतील तेच आपल्या पानावर हवेत. भावजींनी हातातला पेचकस खाली ठेवला. आता त्यांना एकच काम उरलं: त्या बाईने काय विचारलं असेल? चहा गार व्हायचा, गिऱ्हाईक खोळंबायचं. शेवटी त्यांनी ओळ सांगितली, 'रेल्वे फाटकाजवळचा मशीनवाला कुठे गेला'.

"मामंजी, असं कोण विचारतं?"

"जिची मशीन गेली ती विचारते."

सुनेने भांडून खाली सुटे भाग, पट्टा, बॉबीन असले साधे शब्दही घातले. भावजींना ती निव्वळ शोभा वाटली.

फोन मात्र येऊ लागले. फाटकाजवळचा घड्याळवाला कुठे गेला, छत्रीवाला आहे का, फोटो स्टुडिओत आमच्या आईचा फोटो राहिलाय. पाडलेली अख्खी ओळ लोक भावजींपाशी शोधत होते. ते हात पुसून प्रत्येकाला सविस्तर सांगत आणि शेवटी हळूच विचारत, "तुम्ही तीर्थपुरीचे तर न्हाई ना?"

अलीकडे एक दिवस मी दुकानात बसले असताना माझ्याच वयाची एक बाई नातीबरोबर आली. "जय भीम, भाऊ. पायमशीनचा पट्टा मिळंल का? तीर्थपुरीहून आलो." बोलता बोलता म्हणाली, पहिली मशीन फाटकापाशी टाकली होती, तर दुकानच पाडलं. भावजींचा हात थांबला. उठून त्यांनी कोपऱ्यातल्या मशीनवरचं फडकं काढलं. बाईने चाकावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.

"फोनमध्ये काय विचारलं व्हतं तुम्ही?" भावजींनी विचारलं.

नात म्हणाली, "पायमशीनचा पट्टा, जालना."

"म्हंजे मला शोधत नव्हत्या?"

"न्हाई भाऊ, पट्टा शोधत व्हते. मला वाटलं, तुम्ही वारले."

"पळून गेला, असं न्हाई वाटलं?"

"मशीन घेऊन कोण पळतं? वजन किती तिचं."

मला हसू आवरेना. एवढी वर्षं माणूस दुसऱ्याच्या मनातले शब्द जुळवत बसला, आणि तिच्या मनात पट्टा. मला हे नवं नव्हतं.

मशीन ऑटोत चढली. भावजी बोळाच्या तोंडापर्यंत चालत गेले आणि ऑटो दिसेनाशी झाल्यावरही तिथेच उभे राहिले. परत आल्यावर सून म्हणाली, आता वेबसाइटवरची ती फाटकाची ओळ काढून टाकते. भावजी कोपऱ्यातल्या फरशीकडे बघत होते. मशीनच्या पायांखालची तेवढी जागा स्वच्छ राहिली होती.

"राहू दे," ते म्हणाले. "दुकान लई रिकामं वाटून राह्यलं."